डोक्याला मुका मार आणि बदललेला माणूस

भरधाव घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात का, हा प्रश्न १८७८ च्या जून महिन्यात कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे निकालात निघाला. एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराने धावपट्टीच्या कडेला १२ कॅमेरे ओळीने मांडले. घोडा पुढे जाईल तसतसे आडवे बांधलेले दोरे तुटत गेले आणि एकामागून एक छायाचित्रे निघाली. चारही पाय खरोखरच सुटतात, पण चित्रकार दाखवत तसे पुढे-मागे ताणलेले असताना नव्हे, तर पोटाखाली गोळा झालेले असताना. हलत्या चित्रांच्या इतिहासात मायब्रिजचे नाव पहिल्या काही पानांवर येते ते यामुळे.

मेंदूच्या डॉक्टरांना मात्र त्याच्या आयुष्यातली दुसरी एक घटना अधिक मोलाची वाटते. या छायाचित्रांच्या १८ वर्षे आधी तो उधळलेल्या घोड्यांच्या गाडीतून फेकला गेला होता आणि डोक्यावर आपटला होता.

मायब्रिजचा जन्म ९ एप्रिल १८३० रोजी इंग्लंडमध्ये, थेम्स नदीकाठच्या किंग्स्टन गावी झाला. विशीत तो अमेरिकेत गेला आणि १८५० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्को येथे पुस्तकांचा व्यापार करू लागला. त्याच्या ओळखीचे लोक त्याला मनमिळाऊ, हसतमुख आणि व्यवहारात चोख माणूस म्हणून ओळखत. जुलै १८६० मध्ये तो युरोपला जाण्यासाठी निघाला आणि अमेरिकेचा पूर्व किनारा गाठण्यासाठी टपाल वाहणाऱ्या घोडागाडीत बसला. टेक्सास ओलांडताना घोडे उधळले, गाडी झाडावर आदळली. एक प्रवासी जागीच गेला, बाकीचे जखमी झाले. मायब्रिज बाहेर फेकला गेला.

पुढे अनेक वर्षांनी त्याने याविषयी जे सांगितले, ते कोणत्याही डॉक्टरने लक्ष देऊन ऐकावे असे आहे. अपघात त्याला आठवतच नव्हता. वाटेतल्या एका थांब्यावर जेवल्याचे आठवत होते. त्यानंतरची आठवण थेट आर्कान्सामधील फोर्ट स्मिथ येथे बिछान्यावर पडल्याची. मध्ये नऊ दिवस गेले होते आणि अपघाताची जागा सुमारे १५० मैल मागे राहिली होती. शुद्धीवर आल्यावर त्याला एकाच्या दोन वस्तू दिसत. वास आणि चव गेली होती. विचार नीट जुळत नव्हते.

स्मृतीतली पोकळी, दुहेरी दिसणे, वास-चव जाणे आणि विचारांचा गोंधळ, या चारही गोष्टी आजही आम्ही अपघात विभागात विचारतो. नऊ दिवसांची पोकळी असेल तर आजच्या निकषांप्रमाणे ती गंभीर इजा ठरते. मायब्रिजचा मार साधा नव्हता. पण गतिरोधकावर दुचाकीवरून मागे बसलेली बाई पडते, ओल्या न्हाणीघरात आजोबा घसरतात, मैदानात मुलाच्या डोक्याला चेंडू लागतो, तेव्हा हीच यादी लहान प्रमाणात समोर येते. नऊ दिवसांऐवजी दहा मिनिटे आठवत नाहीत. माणूस पुन्हा पुन्हा तेच विचारतो, मी इथे कसा आलो? उत्तर मिळाले तरी पाच मिनिटांनी तोच प्रश्न. डोके दुखते, गरगरते, मळमळते, उजेड आणि आवाज नकोसा होतो. यालाच आम्ही कन्कशन म्हणतो. आपल्या भाषेत डोक्याला बसलेला मुका मार.

शुद्ध हरपली नाही, म्हणजे काही झाले नाही, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे. कन्कशन झालेल्या बहुतेकांची शुद्ध हरपतच नाही. टेंगूळ बाहेर आले म्हणजे मार बाहेर निघाला, आत काही नाही, हाही असाच समज. टेंगूळ कवटीवरच्या त्वचेखाली येते. कवटीच्या आत काय झाले, हे ते सांगत नाही.

आत काय होते? मेंदू मऊ असतो आणि कवटीत पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. डोके एकाएकी थांबले किंवा गर्रकन वळले की मेंदू आत हेलकावतो. त्यातले बारीक मज्जातंतू ताणले जातात. पेशींच्या आत-बाहेर असलेल्या क्षारांचे संतुलन बिघडते आणि ते पूर्ववत करण्यासाठी मेंदूला नेहमीपेक्षा जास्त ऊर्जा लागते, नेमक्या त्याच वेळी तिचा पुरवठा अपुरा पडतो. हा बिघाड कामाचा आहे, रचनेचा नव्हे. म्हणून सीटी स्कॅनमध्ये तो दिसत नाही. सीटी स्कॅन रक्तस्राव आणि हाड मोडले आहे का ते पाहण्यासाठी असतो. तो नॉर्मल आला, तर जिवाचा धोका टळला एवढाच त्याचा अर्थ. रुग्णाला होणारा त्रास खोटा आहे, असा त्याचा अर्थ होत नाही.

मायब्रिजच्या तक्रारींमधली वास जाण्याची गोष्ट विशेष आहे. वासाचे तंतू अत्यंत नाजूक असतात. नाकाच्या छताला चाळणीसारखे बारीक छिद्रांचे हाड असते, त्यातून ते वर मेंदूत जातात. मेंदू हेलकावला की ते तुटू शकतात. आणि या तंतूंच्या अगदी शेजारी, डोळ्यांच्या खोबणीवर, मेंदूचा पुढचा भाग टेकलेला असतो. रागाला आवर घालणे, परिणामांचा विचार करणे, चारचौघांत कसे वागावे याचे भान ठेवणे, ही या भागाची कामे. म्हणून डोक्याला मार लागल्यावर ज्याचा वास जातो, त्याच्या स्वभावाकडेही लक्ष ठेवावे लागते.

मायब्रिजने फोर्ट स्मिथ आणि मग न्यूयॉर्क येथे उपचार घेतले. गाडीच्या कंपनीवर दावा लावून २,५०० डॉलर मिळवले. पुढे तो लंडनला डॉक्टर विल्यम गल यांच्याकडे गेला. गल हे त्या काळचे नामवंत फिजिशियन, पुढे व्हिक्टोरिया राणीचेही वैद्य झाले. त्यांनी दिलेला सल्ला म्हणजे विश्रांती, मोकळ्या हवेतला वावर, आणि मांस, मद्य व कॉफी बंद. मेंदूची छायाचित्रे काढण्याची सोय होण्याच्या कितीतरी आधीचा हा सल्ला. त्यातले मांसाचे पथ्य आज आम्ही सांगणार नाही. पण विश्रांती, मग हळूहळू हालचाल, आणि दारू पूर्ण बंद, हे आजही तसेच सांगतो.

बरे व्हायला त्याला वर्षे लागली. १८६७ मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोला परतला तो पुस्तकविक्रेता म्हणून नव्हे, तर छायाचित्रकार म्हणून. योसेमिटी खोऱ्याची त्याची छायाचित्रे गाजली. पण जुन्या मित्रांना परत आलेला माणूस वेगळा वाटला. तो चिडका झाला होता, लहरी झाला होता, कपड्यांकडे लक्ष देत नव्हता. योसेमिटीत हजारो फूट खोल कड्याच्या अगदी टोकावर बसून त्याने स्वतःचे छायाचित्र काढून घेतले.

१८७१ मध्ये त्याने फ्लोरा या विशीतल्या तरुणीशी लग्न केले. तिची आणि त्याची ओळख अपघातानंतरची. आधीचा मायब्रिज तिने पाहिलाच नव्हता. १८७४ च्या ऑक्टोबरमध्ये मायब्रिजला कळले की, हॅरी लार्किन्स नावाच्या माणसाशी तिचे संबंध होते आणि आपला समजला तो मुलगा कदाचित आपला नसावा. त्याच दिवशी प्रवास करून तो लार्किन्स होता तिथे पोचला आणि त्याने त्याला गोळी घालून ठार केले.

फेब्रुवारी १८७५ मध्ये नापा येथे खटला चालला. डोक्याच्या दुखापतीने मायब्रिजचे मन बिघडले होते, असा बचाव वकिलांनी मांडला. जुने मित्र साक्षीला आले. अपघाताआधीचा आणि नंतरचा माणूस यांत किती फरक होता, हे त्यांनी शपथेवर सांगितले. आपल्या तक्रारींविषयी स्वतः मायब्रिजने जे सांगितले, तेही याच खटल्यात. दुखापतीनंतर स्वभाव बदललेल्या माणसाची इतकी तपशीलवार हकिगत त्या काळातून क्वचितच मिळते. ज्यूरीने वेडेपणाचा मुद्दा मान्य केला नाही, तरीही त्याला निर्दोष सोडले. पत्नीच्या प्रियकराला मारणे त्यांना समर्थनीय वाटले. त्याच वर्षी जुलैमध्ये फ्लोरा वारली. मुलगा अनाथालयात गेला.

कॅलिफोर्निया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ आर्थर शिमामुरा यांनी २००२ मध्ये या साऱ्या नोंदी एकत्र करून असे मांडले की, मायब्रिजच्या मेंदूच्या पुढच्या, डोळ्यांवरच्या भागाला इजा झाली असावी. लक्षणे पाहता ते पटते. पण खुनाचे उत्तर त्यात शोधू नये. डोक्याला मार लागलेली असंख्य माणसे चिडचिडी होतात, कुणाचा जीव घेत नाहीत. त्या काळी, त्या समाजात, डोके शाबूत असलेल्या पुरुषांनीही असे खून केले आणि ते सुटले. दुखापतीमुळे रागाचा बांध कमकुवत होतो, एवढेच वैद्यक सांगू शकते.

या खटल्यातून घरच्यांनी घ्यावे असे एकच आहे. बदल ओळखला तो आधीचा माणूस माहीत असलेल्यांनी. मायब्रिजला स्वतःला तो कितपत जाणवत होता कोण जाणे, फ्लोराकडे तुलनेला काही नव्हते, आणि तपासणारे डॉक्टर त्याला पहिल्यांदाच पाहत होते. आजही तसेच आहे. आमच्याकडे येणारा रुग्ण आम्ही अपघातानंतर पाहतो. हे पूर्वी असे नव्हते, हे वाक्य फक्त घरचेच उच्चारू शकतात. तपासायला आल्यावर पुष्कळदा पत्नी किंवा आई संकोचाने गप्प बसते, कारण चिडणे हा स्वभाव, तो काय डॉक्टरांना सांगायचा? सांगायचा. विसरणे, एका कामात लक्ष न लागणे, झोप बिघडणे, लहान गोष्टीवर भडकणे किंवा रडू येणे, पदार्थाचा वास न येणे, ही सगळी लक्षणे आहेत. ती सांगितली तरच त्यांवर उपचार करता येतात.

आता व्यवहाराचे. डोक्याला मार लागल्यावर पहिले दोन दिवस कुणीतरी सोबत राहावे. वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, वाढती गुंगी किंवा उठवूनही न उठणे, बोबडे बोलणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, झटका येणे, डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसणे, नाका-कानातून रक्त किंवा पाणी येणे, यांतले एकही दिसले तर १०८ ला फोन करावा किंवा तडक रुग्णालय गाठावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनी, म्हाताऱ्या माणसांनी आणि तान्ह्या मुलांच्या पालकांनी तर लक्षणांची वाटच पाहू नये. म्हातारपणी मेंदूभोवतीचा रक्तस्राव कधी कधी काही आठवड्यांनी त्रास देऊ लागतो. आजोबा अलीकडे गप्प गप्प असतात, चालताना तोल जातो, असे वाटले तर महिन्यापूर्वीचे पडणे आठवून पाहावे.

डॉक्टरांनी तपासून घरी पाठवले असेल तर रुग्णाला झोपू द्यावे. रात्रभर जागे ठेवण्याची गरज नाही. वेदनेसाठी पॅरासिटामॉल पुरते. ॲस्पिरिन किंवा इतर वेदनाशामके विचारल्याशिवाय देऊ नयेत. पहिले २४ ते ४८ तास आराम, मोबाइल आणि टीव्ही कमी. त्यानंतर मात्र अंधाऱ्या खोलीत पडून राहू नये. घरातल्या घरात फिरणे, मग थोडे चालणे, मग थोडा वेळ काम किंवा अभ्यास, असे वाढवत जावे. त्रास वाढला तर एक पायरी मागे यावे. शाळा आधी, मैदान नंतर. डोके पूर्ण हलके होईपर्यंत आणि डॉक्टर होकार देईपर्यंत खेळायला, दुचाकी चालवायला किंवा उंचावर चढायला जाऊ नये, कारण पहिला मार बरा होण्याआधी दुसरा बसला तर तो फार महागात पडतो. बहुतेक मोठी माणसे दोनेक आठवड्यांत, मुले महिन्याभरात बरी होतात. काहींना महिने लागतात. त्यांना आळशी किंवा नाटकी म्हणू नये, पुन्हा तपासायला न्यावे.

मायब्रिज तर वर्षानुवर्षे झगडला. तरीही खटल्यानंतर तीन वर्षांनी त्याने घोड्याची छायाचित्रे काढली. १८८४ पासून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात माणसांच्या आणि प्राण्यांच्या हालचाली टिपल्या आणि १८८७ मध्ये त्या ७८१ पत्र्यांच्या भल्यामोठ्या संग्रहात प्रसिद्ध केल्या. असे काम करायला शिस्त, चिकाटी आणि स्मरणशक्ती लागते. दुखावलेला मेंदू बरेच काही परत मिळवतो, कधी नवी वाटही धरतो. ८ मे १९०४ रोजी, ७४ व्या वर्षी, तो आपल्या जन्मगावी वारला.

त्याचे घोडे आजही पाहायला मिळतात. ते पाहताना त्याच्या त्या मित्रांचीही आठवण ठेवावी. आपला माणूस पूर्वी असा नव्हता हे त्यांना कळले होते, पण ते सांगण्याची वेळ आली ती न्यायालयात, १५ वर्षांनी. तेच बोलणे डॉक्टरांसमोर, पहिल्या पंधरवड्यात व्हायला हवे.