डॉ. आंबेडकर यांची विद्यार्थिदशेतील काटकसर

पनवेलहून दक्षिणेस गोव्याकडे जो मोठा रस्ता जातो त्यावर महाड हे गाव आहे. तेथील चवदार तळ्याचे पाणी २० मार्च १९२७ रोजी डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांनी ओंजळीत घेतले, ही गोष्ट जुन्या कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील, लहानथोर सर्वांस ठाऊक आहे. देशाच्या राज्यघटनेचा मसुदा करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते, हेही शाळेतील मुले सांगतात. परंतु हेच गृहस्थ वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, पाठीमागे संसार असता, चांगल्या पगाराची नोकरी सोडून पुन्हा विद्यार्थी झाले आणि परदेशी अर्धपोटी राहून त्यांनी आपला अभ्यास पुरा केला, ही हकीकत तितकी सांगितली जात नाही. आपल्या मंडळ्यांतील जे बंधुभगिनी दिवसा कष्ट करून मोठेपणी शिकू पाहतात त्यांच्याकरिता ती येथे देत आहो.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. त्यांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. वडील रामजी सकपाळ हे पलटणीत सुभेदार असून तेथील शाळेत शिक्षक होते. मुलगा लहान असतानाच आई भीमाबाई वारली. पुढे हे कुटुंब दापोली, सातारा असे करीत मुंबईस आले आणि परळच्या एका चाळीत राहू लागले. राहावयास खोली एकच. तीतच स्वयंपाक, तीतच सरपण, तीतच बांधलेली शेळी. मग अभ्यासास जागा कोठून मिळावी? रामजींनी त्यावर उपाय काढला. ते मुलास सांजेस लवकर निजवीत, आपण जागे राहत, आणि रात्री दोन वाजता त्यास उठवून त्याच्या जागी आपण निजत. जागा अपुरी असली तरी वेळेची वाटणी करून तीच जागा दोघांस पुरविता येते, हा धडा भीमरावांस घरीच मिळाला. पुस्तकास पैसे नसले म्हणजे रामजी लग्न झालेल्या मुलीकडून दागिना मागून आणीत, तो गहाण ठेवीत, आणि पेन्शन हाती आली की सोडवून परत करीत. दागिना पुस्तकाकरिता जाई, आणि वेळेवर परतही येई. म्हणूनच तो पुन्हा मागण्यास तोंड राहत असे.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. त्यांचा अभ्यास पाहून कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी त्यांस आपल्या ममतेखाली घेतले. हे केळुसकर मास्तर विल्सन हायस्कूल ह्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकवीत. त्यांच्या खटपटीने बडोद्याचे सयाजीराव महाराज गायकवाड यांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली आणि भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले. १९१३ च्या फेब्रुवारीत वडील वारले. त्याच साली महाराजांनी त्यांस अमेरिकेस पाठविले. शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी करण्याचा करार.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ह्या रकमेतून फी, खोली, जेवण आणि पुस्तके भागवून शिवाय मुंबईस घरी काही पाठवावे लागे. म्हणून त्यांनी नाटक-तमाशा, पेय आणि विडी ह्यांस फाटा दिला. कॉफी, पाव आणि एखादी बशी मांस किंवा मासे, एवढ्यावर ते जेवण उरकीत. मात्र जुन्या पुस्तकांच्या दुकानी त्यांचा हात आखडत नसे. १९१५ साली ते तेथे एम. ए. झाले. पुढे लंडनमध्ये अर्थशास्त्राचा आणि कायद्याचा अभ्यास सुरू केला न केला तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली, आणि १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून स्वदेशी परतावे लागले. महायुद्धाचे दिवस होते. त्यांची पुस्तके ज्या आगबोटीने येत होती ती शत्रूने बुडविली. नुकसानभरपाईची जी रक्कम आली तीच बडोद्यास जाण्याच्या वाटखर्चास लागली. बडोद्यास कचेरीतील शिपाईदेखील त्यांच्या हाती कागद न देता लांबून टाकीत. राहावयास घर कोणी देईना. थोड्याच दिवसांत ते तेथून निघून आले.

ह्यानंतरचा काळ विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. १९१८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात त्यांस प्राध्यापकाची जागा मिळाली. पगार दरमहा ४५० रुपये. त्या काळी ही रक्कम मोठी होती. दुसरा कोणी असता तर त्याने आधी बिऱ्हाड बदलले असते, कपडे व गाडीघोडे केले असते, आणि सोयऱ्याधायऱ्यांनीही त्यास तोच सल्ला दिला असता. भीमराव परळ येथे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतील दोन खोल्यांतच राहिले. पत्नी रमाबाई यांच्या हाती घरखर्चाची ठराविक रक्कम दिली जाई, तीत त्या संसार भागवीत, आणि उरलेला पैसा लंडनच्या अर्ध्या राहिलेल्या अभ्यासाकरिता बाजूस पडे. पगार वाढला तरी राहणी जुनी ठेवणे हे गरिबीत राहण्याहूनही कठीण आहे. कारण गरिबीत हात आपोआप आवरतो, पैसा आल्यावर तो आपण आवरावा लागतो.

१९२० च्या मार्चमध्ये त्यांनी नोकरी सोडली. साठविलेला पैसा पुरेसा नव्हता. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १५०० रुपयांचे साहाय्य केले आणि नवल भथेना ह्या पारशी मित्राकडून ५००० रुपये कर्जाऊ घेतले. आपल्या खेड्यांत कर्ज काढणे नवे नाही. लग्नात मांडव मोठा व्हावा म्हणून काढलेले कर्ज पंगत उठल्यावर उरते, आणि मांडव तर चार दिवसांत उतरतो. भीमरावांनी जे कर्ज काढले ते ठरलेल्या कामापुरते होते.

लंडनमध्ये ते एका कडक स्वभावाच्या घरमालकिणीकडे उतरले. सकाळी पावाचा तुकडा आणि चहा, एवढे खाऊन ते ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जात आणि दार उघडताच आत बसत. दुपारचे जेवण बहुधा नसेच. बसचे भाडे वाचावे म्हणून ते पायी हिंडत. रात्री परतल्यावर मांसाच्या अर्काचा एक पेला आणि बिस्किटे मिळत. मध्यरात्री भूक अनावर झाली म्हणजे ओळखीच्या एका गृहस्थाने दिलेले पापड पत्र्याच्या तुकड्यावर भाजून दुधाबरोबर खात आणि पुन्हा वाचावयास बसत. अशा रीतीने १९२१ साली ते एम. एस्सी. झाले, बॅरिस्टरीची परीक्षाही पुरी केली. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा मोठा प्रबंध परीक्षकांनी फेरफारासाठी परत केला. तोवर गाठीचा पैसा सरला होता. १९२३ च्या एप्रिलात ते मुंबईस आले, येथे बसून प्रबंध सुधारून धाडला, आणि त्याच वर्षी लंडन विद्यापीठाची डी. एस्सी. ही पदवी त्यांस मिळाली. वकिलीची सनद काढण्यासही पैसे नव्हते. तेव्हाही भथेनाच उपयोगी पडले.

आता ह्या हकीकतीची दुसरी बाजू सांगितलीच पाहिजे. लंडनमध्ये एक मनुष्य अर्धपोटी होता, तसे परळच्या चाळीतही घर उपाशीतापाशी होते. रमाबाईंनी फार ओढीत दिवस काढले. शेण गोळा करून गोवऱ्या थापल्या. त्यांच्या पाच अपत्यांपैकी चार बाळपणीच गेली, एकटा यशवंत वाचला. रमाबाई स्वतः २७ मे १९३५ रोजी निवर्तल्या. पदव्या एकाच्या नावापुढे लागल्या, पण त्यांचा खर्च दोघांनी सोसला. म्हणून जो कोणी आपल्यापैकी संसारात असून शिकू इच्छितो त्याने आपली काटकसर बायकोमुलांच्या ताटातून करू नये. घराचा वाटा आधी बाजूस काढावा, मग आपला चहा, तंबाखू आणि भाडे ह्यांत कात्री लावावी. आणि मंडळीनेही जाणावे की, केळुसकर, शाहू महाराज आणि भथेना हे तिघे भिन्न जातिधर्मांचे पुरुष जर पुढे आले नसते, तर एकट्या काटकसरीने हे काम तडीस गेले नसते. जो बंधू शिकावयास जातो त्याच्या घरी भात आहे की नाही हे पाहणे मंडळीचे कर्तव्य होय.

डॉ. आंबेडकर आपल्या पंथाचे नव्हते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीस त्यांचा अंत झाला. तथापि बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज करावा, असे जे आपल्या प्रभूने शिकविले, त्याचे उदाहरण ह्या चरित्रात स्पष्ट दिसते. आपण सोसलेले कष्ट ते विसरले नाहीत. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली व १९४६ साली मुंबईस सिद्धार्थ कॉलेज काढले. तेथे नोकरी करणाऱ्यांस शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेविले.

आज पनवेल तालुक्यातील तरुणास शिकण्यासाठी समुद्र ओलांडावा लागत नाही. तळोज्याच्या कारखान्यात पाळी करून घरी येणारा मनुष्यही नाशिकच्या मुक्त विद्यापीठात, जे १९८९ साली स्थापन झाले, नाव घालून पदवी मिळवू शकतो. फी थोडी लागते, तीही एकदम हाती नसते. अशा मनुष्याने ह्या महिन्याच्या पगाराच्या दिवशी, दुकानदाराची उधारी फेडण्यास निघण्यापूर्वी, पत्नीसह बसून कागदावर तीन रकमा लिहाव्या : घराची, देण्याची आणि अभ्यासाची. तिसरी रक्कम दहा रुपयांची असली तरी चालेल, परंतु ती एकदा लिहिली म्हणजे दुसऱ्या कामास लावू नये.