कै. रावबहादुर रघुनाथ नरसिंह मुधोळकर

राष्ट्रीय सभेच्या अध्यक्षांच्या मालिकेंत एक पुरुष धुळ्यास जन्मलेला होता, हें जळगांव-धुळ्याच्या शाळांतील किती मुलांस ठाऊक असेल, याची आम्हांस शंकाच आहे. थोर पुरुषाचें नांव विस्मृतींत गेलें तर तें एक वेळ सोसवेल; परंतु त्यानें आपल्या धंद्याचा जो अर्थ लावला तोही विसरला जावा, ही हानि मोठी होय. म्हणून रावबहादुर मुधोळकर यांचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रघुनाथरावांचा जन्म १६ मे १८५७ रोजीं झाला. मीरतेस बंडाचा वणवा पेटून अवघे सहा दिवस लोटले होते. आणि पुढें लवकरच खानदेशच्या डोंगरांतून भिल्लांनींही शस्त्र उचललें. त्या काळीं खानदेश हा एकच जिल्हा असून धुळें हें त्याचें मुख्य ठाणें होतें. पूर्व व पश्चिम अशी वांटणी १९०६ सालीं झाली. घराणें देशस्थ ब्राह्मणाचें, मध्यम स्थितींतलें. संपत्तीपेक्षां विद्येवर भिस्त ठेवणारें. प्रारंभींचें शिक्षण धुळ्यास व वऱ्हाडांत झाल्यावर ते मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजांत गेले व तेथेंच फेलो नेमले गेले. अशा विद्वानास सरकारी नोकरीचें दार उघडें असे. तें सोडून त्यांनीं उमरावतीस वकिली मांडली.

वकिलीच कां, याचा विचार करण्याजोगा आहे. सरकारी चाकराचें तोंड त्याच्या पगारानें बांधलेलें असे. १८७९ सालीं वासुदेव बळवंतांच्या बंडाच्या धामधुमींत न्यायमूर्ति रानड्यांसारख्या पुरुषाची बदली धुळ्यास झाली व त्यांच्या टपालावरही सरकारची नजर राहिली. वकील मात्र अशिलाच्या पैशावर जगे. साहेबाची मर्जी गेली तरी त्याची चूल विझत नसे. त्यांत वऱ्हाडची स्थिति विशेष चमत्कारिक होती. १८५३ च्या तहानें तो मुलूख निजामाचा असून कारभार इंग्रजांचा झाला. मध्यप्रांत-वऱ्हाडास स्वतःचें कायदेकौंसिल मिळावयास १९१४ साल उजाडावें लागलें. तोंवर रयतेचें गाऱ्हाणें सरकारच्या कानीं घालण्यास अर्ज लिहिणाऱ्या व सभा भरविणाऱ्या वकिलांवांचून दुसरें साधन तें काय होतें?

मुधोळकरांनीं हें काम जन्मभर केलें. १८८८ पासून ते राष्ट्रीय सभेंत वावरूं लागले आणि १८९० सालीं सुरेंद्रनाथ बानर्जी, ह्यूम व नॉर्टन यांच्यासह सभेच्या शिष्टमंडळांतून विलायतेस गेले. समुद्रगमन म्हणजे पातक, अशी समजूत तेव्हां दृढ होती. त्याच वर्षीं पुण्यास मिशनऱ्यांच्या घरच्या चहाच्या एका पेल्यावरून ग्रामण्य माजलें. अशा दिवसांत लोककार्यासाठीं जहाजावर पाय ठेवणें ही सुधारणेची कृतीच होती. रानडे व गोखले यांचा पंथ त्यांनीं पत्करला तो असा, केवळ व्याख्यानापुरता नव्हे.

देशाचें दारिद्र्य हा त्यांच्या चिंतनाचा मुख्य विषय. वऱ्हाडचा व खानदेशचा कापूस गठ्ठे बांधून परदेशीं जाई आणि कापड होऊन परत येई. मधला सारा लाभ दुसऱ्याचा. यावर नुसता संताप न करतां त्यांनीं उद्योगाचा मार्ग धरला. वऱ्हाडांत व्यापारी कंपनी उभारण्यास त्यांनीं हात दिला, आणि १९०५ सालीं काशीस जी औद्योगिक परिषद प्रथम भरली तिच्या चिटणीसपदाचा भार पुढें वाहिला. वरिष्ठ कायदेकौंसिलांतही ते बसले.

१९०७ सालीं सुरतेस राष्ट्रीय सभा फुटली. उमरावतीचेच नामांकित वकील दादासाहेब खापर्डे टिळकांच्या बाजूस उभे राहिले, मुधोळकर नेमस्तांच्या. १९१२ च्या डिसेंबरांत बांकीपूरच्या अधिवेशनाचें अध्यक्षपद त्यांजकडे आलें, तेव्हां सभेस ओहोटी लागलेली होती. ह्यूम त्याच वर्षीं निवर्तले होते, आणि अधिवेशनापूर्वी थोडेच दिवस दिल्लीस व्हाइसरॉय हार्डिंज यांजवर बाँब पडला होता. सरकारचा संशय व तरुणांचा तिटकारा अशा दुहेरी माऱ्यांत त्यांनीं तें पद सांभाळलें. १९१४ सालीं सरकारनें त्यांस सी. आय. ई. केलें, १३ जानेवारी १९२१ रोजीं ते वारले.

या पंथाचा दोषही आम्ही झांकूं इच्छीत नाहीं. अर्जांची भाषा इंग्रजी होती, सभेंत बसणारा शिकलेला होता. ज्या कुणब्याच्या दारिद्र्याचे आंकडे मांडले जात तो स्वतः मंडपाबाहेरच राहिला. १९२० नंतर लोक दुसऱ्या वाटेनें गेले, तें उगीच नव्हे. तथापि हक्क मागावयाचा तो पुराव्यानिशीं आणि सत्तेस जाब विचारावयाचा तो कायद्याच्या आधारें, ही संवय या वकिलांनींच देशास लाविली.

तिचें फळ त्यांच्याच घरांत दिसून आलें. पुत्र जनार्दनराव सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १९६४ सालीं सज्जनसिंगाच्या खटल्यांत, राज्यघटनेचें मूळ स्वरूपच पालटण्यास दुरुस्तीचा अधिकार पुरेल काय, असा प्रश्न त्यांनीं उपस्थित केला. आणि १९७३ सालीं केशवानंद भारतींच्या खटल्यांत न्यायालयानें घटनेच्या मूलभूत चौकटीचें तत्त्व मान्य केलें. बापानें परक्या सत्तेस मर्यादा घालूं पाहिली, मुलानें स्वकीय सत्तेस.

जळगांव-धुळ्याच्या वकीलवर्गास आमचें सांगणें इतकेंच कीं, वकिली हें पोटाचें साधन आहे हें खरें, पण तेवढेंच नव्हे. भाऊबंदकीच्या दाव्यांत पिढ्या झिजविणाऱ्या शेतकऱ्यास वेळींच समेटाची वाट दाखविणें आणि गरिबाचें गाऱ्हाणें नीट कागदावर उतरविणें, यास आजही बंदी नाहीं. पुतळा नसला तरी चालेल. मुधोळकरांचें हें ऋण फेडावयाचें तें अशा कामानें फेडावें.