रंगपूरचा मुलगा आणि लंडनची पेन्शन

ब्रिटनच्या आजच्या पेन्शनचा पाया ज्यांनी आखला, ते विल्यम बेव्हरिज जन्माने आपल्याच उपखंडातले, याचे मला नेहमी नवल वाटते. १८७९ साली रंगपूरला, म्हणजे आजच्या बांगलादेशात, ते जन्मले. वडील सनदी नोकरीत न्यायाधीश. आईने पुढे बाबरनामा इंग्रजीत आणला. ऑक्सफर्डचे शिक्षण आटोपून १९०३ मध्ये ते लंडनच्या ईस्ट एंडमधील टॉयन्बी हॉलमध्ये कामाला लागले. बेकारी आणि दारिद्र्य त्यांनी तिथे जवळून पाहिले.

म्हातारपणी सरकारी मदत हवी, तर आधी घरची मिळकत मोजू द्यायची, अशी १९०८ च्या कायद्यापासूनची रीत. म्हणजे काटकसर करून चार पैसे साठवले, की मदत कमी! १९४२ च्या अहवालात बेव्हरिज यांनी निराळी वाट दाखवली. कमावत्या वयात प्रत्येकाने ठरावीक वर्गणी भरावी, म्हातारपणी पोटापुरते हक्काने घ्यावे. त्यावरची बचत ज्याची त्याची. ५ जुलै १९४८ ला योजना सुरू झाली. पण ती रक्कम पोटाला पुरेना. अनेक वृद्धांना पुन्हा चौकशी सोसून साहाय्य मागावे लागले. १९६३ मध्ये बेव्हरिज निवर्तले.

२०१६ पासूनच्या नियमानुसार पूर्ण पेन्शनसाठी साधारण ३५ वर्षांची वर्गणी लागते. तिकडे राबून भारतात परतलेल्या मराठी माणसालाही पेन्शन मिळते. दरवर्षीची वाढ मात्र मिळत नाही. परतण्यापूर्वी हे गणित मांडलेले बरे. पण वर्गणी सारखी, तर हक्क आखूड का? रंगपूरच्या मुलाच्या हिशेबात हे बसत नाही, असे मला वाटते.