हेलिकॉप्टरवाले इगोर सिकॉर्स्की

हेलिकॉप्टरचा आवाज आला की आपण सगळे पटांगणात पळतो. ते नीट उडेल असे करून दाखवणाऱ्या थोर माणसाची ही माहिती.

इगोर सिकॉर्स्की यांचा जन्म २५ मे १८८९ रोजी कीव्ह शहरात झाला. ते शहर तेव्हा रशियात होते, आता युक्रेनमध्ये आहे. आईने त्यांना लिओनार्दो दा विंची या चित्रकाराने कल्पिलेल्या उडत्या यंत्राविषयी सांगितले होते. बाराव्या वर्षी त्यांनी रबराच्या जोरावर उडणारे खेळण्यातले हेलिकॉप्टर केले. पुढे १९०९ आणि १९१० साली दोन मोठी केली, पण ती माणसाला घेऊन काही उडाली नाहीत. मग ते विमानांकडे वळले.

१९११ साली त्यांच्या विमानाचे इंजिन हवेतच बंद पडले. कसेबसे खाली उतरून बघतात तर काय, पेट्रोल जायच्या बारीक भोकात डास अडकलेला! विहिरीवरचं इंजिन बंद पडलं तर पाणी थांबतं. इथं जीवच गेला असता. तेव्हा त्यांनी ठरवले, एकाच इंजिनावर विसंबायचे नाही. १९१३ साली त्यांनी चार इंजिनांचे विमान उडवले. मेकॅनिकही विमानात बसायचा. १९१४ साली सेंट पीटर्सबर्गहून कीव्हला जाताना पेट्रोलची नळी तुटून इंजिनाला आग लागली. तेव्हा मेकॅनिक पनास्युक आणि एक सोबती चालत्या विमानाच्या पंखावर गेले आणि कोटांनी आग विझवली. वाचताना माझ्या अंगावर काटा आला.

रशियात क्रांती झाल्यावर ते देश सोडून १९१९ साली अमेरिकेत पोचले. तिथे गणित शिकवून पोट भरले. १९२३ साली कोंबड्या पाळायच्या जागेत कंपनी काढली. १९२६ साली त्यांचे विमान न्यूयॉर्कहून थेट पॅरिसला जाणार होते. अजून चाचण्या घ्याव्यात असे सिकॉर्स्कींचे मत होते. पण बक्षिसासाठी सगळ्यांना घाई. २१ सप्टेंबरला जादा भार घेऊन विमान धावले, चाके मोडली आणि ते पेटले. चौघांतले दोघे गेले. त्यांत एक मेकॅनिक होता.

पुढे ते पुन्हा हेलिकॉप्टरकडे वळले. १४ सप्टेंबर १९३९ रोजी नवे यंत्र दोरांनी जमिनीला बांधून थोडेसे उचलले. आत कोण? पन्नास वर्षांचे सिकॉर्स्की स्वतः, डोक्यावर हॅट घालून! दुसऱ्या पायलटला बसवले नाही. मग कित्येक महिने तेच चालले. कारागिरांनी दुरुस्त करायचे, त्यांनी उडवून बघायचे, परत खोलायचे.

इंजिन बंद पडले तरी हेलिकॉप्टरची पाती वाऱ्याने फिरत राहतात आणि पायलट जपून उतरू शकतो. पण पात्याचा सांधाच निखळला तर काही इलाज नाही. म्हणून आजही मेकॅनिक तपासून वहीत सही करतो, आणि तरी पायलट उड्डाणाआधी स्वतः भोवती फेरी मारून पाती, नट, तेल बघतो. मेकॅनिकवर विश्वास नाही असं नव्हे. एकाची नजर चुकली तर दुसऱ्याची असावी.

१९५४ साली भारतीय हवाई दलात पहिले हेलिकॉप्टर आले, ते सिकॉर्स्कींच्याच कंपनीचे, एस-५५. २६ ऑक्टोबर १९७२ रोजी ते अमेरिकेत वारले. तोवर हेलिकॉप्टरने युद्धात आणि पुरात किती तरी माणसे वाचवली होती.