हृदयातील गाठ काढणारे क्राफोर्ड

हृदयातही गाठ होऊ शकते, हे अनेकांना ठाऊक नसते. या गाठी फार दुर्मीळ. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्या बहुतेकदा शवविच्छेदनातच सापडत. हे चित्र बदलण्यात स्वीडनचे शल्यविशारद डॉ. क्लॅरेन्स क्राफोर्ड यांचा मोठा वाटा आहे.

क्राफोर्ड यांचा जन्म १८९९ मध्ये हुडिक्सवाल या गावी झाला. फुप्फुसाच्या धमनीत अडकलेली रक्ताची गुठळी शस्त्रक्रियेने काढून त्यांनी तरुणपणीच रुग्ण वाचवले. पुढे शस्त्रक्रियेनंतर गुठळी होऊच नये म्हणून हेपारिन वापरणाऱ्या पहिल्या डॉक्टरांत ते होते. १९४४ मध्ये महाधमनीचा जन्मतः अरुंद असलेला भाग कापून टोके जोडण्याची शस्त्रक्रिया त्यांनी स्टॉकहोममध्ये यशस्वी केली.

हृदयाच्या आतली गाठ मात्र हाताबाहेरच होती. ती काढायची तर हृदय उघडायला हवे आणि तेवढा वेळ शरीराला रक्त पुरवायला हवे. त्यासाठी क्राफोर्ड व त्यांचे सहकारी ओके सेनिंग यांनी हृदय-फुप्फुस यंत्रावर अनेक वर्षे काम केले. यंत्राच्या नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून हेपारिनच कामी आले. जुलै १९५४ मध्ये या यंत्राच्या आधाराने क्राफोर्ड यांनी एका स्त्रीच्या डाव्या अलिंदातील मिक्सोमा ही गाठ काढली. ती वाचली.

मिक्सोमा हा कर्करोग नव्हे. पण देठावर लोंबणारी ही गाठ झडपेची वाट अडवते. त्यामुळे धाप लागते, भोवळ येते. तुकडा सुटून मेंदूत गेला तर पक्षाघात होतो. लक्षणे झडपेच्या आजारासारखीच असल्याने निदान चुकत असे. आज इकोकार्डिओग्राफीत ती सहज दिसते आणि वेळीच काढली तर रुग्ण बहुधा पूर्ण बरा होतो.

हृदयाचा खरा कर्करोग, म्हणजे मुख्यतः सार्कोमा, याहूनही दुर्मीळ आणि कठीण आहे. तो लक्षात येईपर्यंत अनेकदा पसरलेला असतो. एमआरआय, गाठीच्या तुकड्याची तपासणी, शस्त्रक्रिया व केमोथेरपी असूनही तिथे यश मर्यादितच आहे. क्राफोर्ड १९८४ मध्ये गेले. हे उरलेले काम अजून पुढच्या पिढ्यांकडे आहे. आपल्या हाती एवढेच, की कारण न कळणारी धाप किंवा भोवळ अंगावर काढू नये, डॉक्टरांना दाखवावी.