नारायण मल्हार जोशी

नारायण मल्हार जोशी (५ जून १८७९ – ३० मे १९५५), ना. म. जोशी या नावाने परिचित, हे समाजसेवक, कामगार नेते आणि मध्यवर्ती विधिमंडळाचे सदस्य होते. मुंबईतील सोशल सर्व्हिस लीग या संस्थेचे ते संस्थापक आणि अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या संस्थापकांपैकी एक होते. सुशिक्षित तरुणांना स्वयंसेवक म्हणून परळ व आसपासच्या कामगार वस्तीत आणण्याचे जे काम त्यांनी १९११ मध्ये सुरू केले, त्यातूनच पुढे त्यांचे कामगार संघटनेचे कार्य उभे राहिले.

प्रारंभीचे जीवन

जोशी यांचा जन्म तत्कालीन कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातील गोरेगाव येथे झाला. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शालेय शिक्षण घेतल्यानंतर ते डेक्कन महाविद्यालयात दाखल झाले आणि १९०१ मध्ये पदवीधर झाले. त्यानंतर काही वर्षे त्यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला.

गोपाळ कृष्ण गोखले यांनी १२ जून १९०५ रोजी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली होती. अल्प निर्वाहवेतनावर सारा वेळ देशसेवेला वाहून घेणारे कार्यकर्ते घडवणे हा या संस्थेचा उद्देश होता. जोशी १९०९ मध्ये समाजाचे सदस्य झाले. पुढे त्यांनी मुंबई हे आपले कार्यक्षेत्र निवडले.

सोशल सर्व्हिस लीगची स्थापना

१९११ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या ९,७९,४४५ होती आणि शहरातील सुमारे दोन तृतीयांश लोक एकखोलीच्या बिऱ्हाडांत राहत होते. रत्नागिरी, सातारा अशा जिल्ह्यांतून गिरणीकामासाठी आलेल्या कुटुंबांची वस्ती परळ, लालबाग, नायगाव, वरळी या भागांत दाटत होती. हाच भाग पुढे गिरणगाव म्हणून ओळखला गेला. गिरणीतील कामाचा दिवस बारा तासांचा किंवा त्याहूनही लांब असे. चाळींतील अस्वच्छता, साथीचे रोग, सावकारी कर्ज आणि निरक्षरता हे या वस्तीचे मुख्य प्रश्न होते. त्याच शहरात महाविद्यालये, कचेऱ्या आणि न्यायालये यांत वावरणारा शिकलेला वर्ग होता; मात्र गिरणी वस्तीशी त्याचा फारसा संबंध येत नसे.

ही दरी बुजवण्यासाठी जोशी यांनी १९ मार्च १९११ रोजी सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली. न्यायमूर्ती नारायण गणेश चंदावरकर हे तिचे अध्यक्ष होते. सामाजिक परिस्थितीची माहिती गोळा करून तिचा अभ्यास करणे, समाजकार्यासाठी कार्यकर्ते तयार करणे, लोकमत घडवणे आणि गरीब वस्त्यांतील जीवनमान सुधारणे ही लीगची उद्दिष्टे होती. यांपैकी अभ्यास आणि प्रशिक्षण ही दोन उद्दिष्टे तत्कालीन दानधर्मी संस्थांच्या पद्धतीहून वेगळी होती. लंडनच्या पूर्व भागात १८८४ मध्ये टॉयन्बी हॉल या केंद्राद्वारे विद्यापीठातील तरुणांना गरीब वस्तीत राहून काम करण्याची वाट दाखवण्यात आली होती. मुंबईतील लीगचा प्रयत्न त्याच प्रकारचा होता. पण त्याला गोखल्यांच्या सेवाव्रताची जोड होती.

परळमधील कार्य

कामगार दिवसभर गिरणीत असल्याने लीगचे बरेचसे काम संध्याकाळनंतर चाले. परळ व आसपासच्या भागांत रात्रशाळा, मोफत वाचनालये आणि पेट्यांतून पुस्तके घेऊन वस्तीत जाणारी फिरती ग्रंथालये सुरू झाली. दवाखाने, आरोग्यविषयक प्रचार, गरिबांना कायद्याचा सल्ला, व्यायामशाळा, मुलांची मंडळे, बालवीर पथके आणि चाळीतील रहिवाशांसाठी सहली असे उपक्रम हळूहळू वाढत गेले. होळीच्या दिवसांत मद्यपान व बीभत्स प्रकारांकडून लोकांचे लक्ष वळवण्यासाठी स्वच्छ करमणुकीचे कार्यक्रम योजले जात. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत लीगने मदतकार्यात भाग घेतला.

कर्जबाजारीपणावर उपाय म्हणून लीगने कामगारांच्या सहकारी पतसंस्था उभारण्यावर भर दिला. सावकाराच्या जाचक व्याजातून सुटका होणे हा पतसंस्थांचा प्रत्यक्ष लाभ होता. त्याबरोबरच सभासदांना हिशेब ठेवणे, सभा चालवणे आणि एकमेकांच्या शब्दावर विश्वास ठेवून पैशाचा व्यवहार करणे यांचा सराव होई. पुढे कामगार संघटना चालवण्यासाठी याच गोष्टींची गरज भासणार होती.

परळ येथे दामोदर ठाकरसी मूळजी यांच्या नावाचे सभागृह १९२० च्या दशकाच्या आरंभी उभे राहिले. दामोदर हॉल या नावाने ते प्रसिद्ध झाले. सभा, व्याख्याने, वर्ग आणि नाटके या सर्वांसाठी त्याचा उपयोग होऊ लागला. गिरणी कामगारांनी स्वतः लिहिलेली, बसवलेली व सादर केलेली नाटके येथे होत आणि मुंबईच्या कामगार रंगभूमीचे ते एक महत्त्वाचे केंद्र बनले.

स्वयंसेवकांची घडण

सद्भावना असली तरी ती प्रशिक्षणावाचून अपुरी पडते, अशी जोशी यांची धारणा होती. त्यामुळे लीगने समाजसेवेचे प्रशिक्षणवर्ग चालवले, पाहणीच्या कामात तरुणांना गुंतवले आणि समाजकार्याविषयीचे एक इंग्रजी त्रैमासिकही चालवले. रात्रशाळेत शिकवणे, वाचनालय सांभाळणे किंवा पतसंस्थेचे हिशेब तपासणे ही कामे नोकरी वा शिक्षण सांभाळून करता येण्याजोगी होती. मात्र त्यांत नियमितपणा अत्यावश्यक होता. थकूनभागून वर्गाला येणारा कामगार शिक्षक गैरहजर असल्याचे पाहून परत गेला, तर तो पुन्हा येण्याची शक्यता कमी असे. क्षणिक उत्साहापेक्षा ठरलेल्या वेळी ठरलेले काम करण्याची सवय या पद्धतीत महत्त्वाची ठरली.

लीगच्या धर्तीवर सेवेचे संघटित प्रयत्न देशात इतरत्रही होत होते. भारत सेवक समाजाचेच सदस्य हृदयनाथ कुंझरू यांनी १९१४ मध्ये अलाहाबाद येथे सेवा समिती सुरू केली.

सेवेकडून संघटनेकडे

रात्रशाळा आणि दवाखाने चालवताना एक मर्यादा स्पष्ट होत गेली. कामाचे तास कमी झाल्याखेरीज वर्गाला येण्याची ताकद कामगारात उरत नव्हती आणि वेतन वाढल्याखेरीज पतसंस्थेचे कर्ज फिटणे कठीण होते. हे प्रश्न स्वयंसेवकांच्या आवाक्याबाहेरचे होते; त्यांसाठी कायदा आणि कामगारांची स्वतःची संघटना आवश्यक होती.

१९१९ मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत सरकारने जोशी यांना भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून पाठवले. भारतासाठी आठवड्याला ६० तासांची मर्यादा तेथे मान्य झाली आणि १९२२ च्या सुधारित कारखाना कायद्यात तिचा समावेश झाला. मात्र कामगारांचा प्रतिनिधी सरकारने निवडावा की कामगारांनी, हा प्रश्न त्यामुळे पुढे आला. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली, त्यामागे हेही एक कारण होते. १९२५ ते १९२९ या काळात जोशी तिचे सरचिटणीस होते.

१९२५ च्या गिरणी संपानंतर १९२६ च्या आरंभी मुंबईत बॉम्बे टेक्स्टाईल लेबर युनियन स्थापन झाली आणि जोशी तिचे अध्यक्ष झाले. १९२८ मध्ये सुमारे सहा महिने चाललेल्या सार्वत्रिक संपात विचारांनी दूर असलेल्या कम्युनिस्ट नेत्यांबरोबर ते संयुक्त संप समितीत सहभागी झाले.

विधिमंडळातील कार्य

१९२१ पासून सुमारे अडीच दशके जोशी मध्यवर्ती विधिमंडळात कामगारांचे नियुक्त प्रतिनिधी होते. मद्रासमधील एका संपानंतर संघटनेच्या नेत्यांवर न्यायालयीन कारवाई झाली, तेव्हा कामगार संघटनांना कायदेशीर संरक्षण नसल्याचे उघड झाले. १९२१ मध्ये जोशी यांनी अशा संरक्षणासाठी ठराव मांडला; त्याची परिणती १९२६ च्या कामगार संघटना कायद्यात झाली. कामगार स्त्रियांना प्रसूतिकाळात लाभ मिळावा यासाठी त्यांनी १९२४ मध्ये विधेयक आणले. ते नामंजूर झाले. मात्र १९२९ मध्ये मुंबई इलाख्याने अशा प्रकारचा कायदा केला. भारतातील मजुरांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटले आयोगाचेही (१९२९–३१) ते सदस्य होते आणि लंडनच्या गोलमेज परिषदेत त्यांनी भाग घेतला.

मतभेद आणि टीका

सरकारी नियुक्ती स्वीकारणे आणि आयोगावर काम करणे यांमुळे जोशी यांच्यावर मवाळपणाची टीका झाली. १९२९ मध्ये जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली नागपूर येथे भरलेल्या ट्रेड युनियन काँग्रेसच्या अधिवेशनात व्हिटले आयोगावर बहिष्कार टाकण्यासह अनेक मुद्द्यांवर फूट पडली. जोशी व त्यांचे सहकारी बाहेर पडले आणि त्यांनी स्वतंत्र महासंघ स्थापन केला. कामगारांच्या पदरात काही पडणार असेल तर मिळेल त्या व्यासपीठाचा उपयोग करावा, ही जोशी यांची भूमिका होती. तर अशा सहकार्याने कामगारांची लढण्याची शक्ती क्षीण होते, असे विरोधकांचे म्हणणे होते. १९३८ ते १९४० या काळात दुभंगलेले गट पुन्हा एकत्र आले. १९४० मध्ये जोशी यांच्याकडे पुन्हा सरचिटणीसपद आले आणि १९४८ पर्यंत ते त्यांनी सांभाळले. दोन्ही बाजूंना त्यांच्या निरपेक्षपणाविषयी विश्वास वाटत असल्याचे यातून दिसते.

निधन आणि वारसा

३० मे १९५५ रोजी जोशी यांचे निधन झाले. लोअर परळमधून जाणाऱ्या पूर्वीच्या डिलाईल रोडला ना. म. जोशी मार्ग असे नाव देण्यात आले. भारतीय टपाल खात्याने १९८० मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

१९८२ च्या संपानंतर गिरणगावातील गिरण्या क्रमाने बंद पडल्या आणि परळचे रूप पालटले. सोशल सर्व्हिस लीगचे शैक्षणिक कार्य मात्र परळमध्ये चालू राहिले. दामोदर नाट्यगृह २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद करण्यात आले, तेव्हा कलावंतांनी व रहिवाशांनी त्याच जागी नाट्यगृह पुन्हा उभे राहावे अशी मागणी केली. संध्याकाळच्या मोकळ्या वेळात तरुणांनी आपल्या शहरातील अपरिचित वस्तीत जाऊन शिकवावे आणि शिकावे, ही जोशी यांनी घालून दिलेली रीत महाराष्ट्रातील संघटित समाजकार्याच्या आरंभीच्या टप्प्यांपैकी एक मानली जाते.