मराठवाड्यातील उच्च शिक्षणाचे दार उघडणारे बाबासाहेब

दरवर्षी १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर या दोन दिवशी परभणी जिल्ह्यात गावोगावी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे स्मरण केले जाते. घटनेचे शिल्पकार म्हणून आपण सर्वजण त्यांना ओळखतो. परंतु मराठवाड्यातील मुलामुलींसाठी त्यांनी उभारलेल्या महाविद्यालयाविषयी आपल्या धर्मग्रामांत फारसे बोलले जात नाही. त्यांच्या जीवनकार्याच्या त्या भागाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

बाबासाहेबांचा जन्म १८९१ साली महू येथे झाला. साताऱ्याच्या शाळेत त्यांना घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. शिपायाने वरून पाणी ओतले तरच तहान भागे. संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही त्यांना फारसी घ्यावी लागली. सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले व पुढे लंडनला. १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात ते प्राध्यापक झाले, तेव्हा त्यांनी प्राध्यापकांच्या माठातील पाणी घेण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. विद्वत्ता वाढली, माठ मात्र साताऱ्याचाच राहिला.

त्या काळी आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. उस्मानिया विद्यापीठ हैदराबादला आणि तेथील शिक्षण उर्दूतून. परभणीकडच्या खेड्यातील गरीब मुलाला ते शहर दूर आणि भाषा परकी. महारवाड्यातील व मांगवाड्यातील मुलाला तर गावची शाळाही परकीच होती. आपल्या धर्मप्रांतातील अनेक कुटुंबांचे पूर्वज याच वस्त्यांतले, हे आपण विसरू नये. १९४८ साली संस्थान मुक्त झाले आणि १९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. हेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले.

बाबासाहेबांनी हे महाविद्यालय केवळ दलितांसाठी काढले नाही, ही गोष्ट आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. ज्याला लहानपणी वेगळे बसवले, त्याने आपल्या वर्गात कोणालाही वेगळे बसवले नाही. सर्व जातीधर्मांची मुले एकाच बाकावर बसली. अमेरिकेत १९६२ साली जेम्स मेरेडिथ या एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला मिसिसिपी विद्यापीठात प्रवेश मिळावा म्हणून सैन्य आणावे लागले व दंगलीत दोघांचे प्राण गेले. त्याच्या बारा वर्षे आधी औरंगाबादला हे घडत होते. (त्याच १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने दलित ख्रिस्ती बांधवांना अनुसूचित जातींच्या सवलतींतून वगळले, ही खंत येथे नोंदवणे भाग आहे. आणि सोयरीक जुळवताना आपणही जात विचारतोच.)

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. त्याला बाबासाहेबांचे नाव द्यावे, असा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. परभणी जिल्ह्यातही घरे जळाली, माणसे गाव सोडून गेली. मिलिंदमध्ये एका बाकावर बसलेल्यांची गावे अद्याप दोन भागांतच राहत होती.

अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले व परभणी जिल्ह्यातील महाविद्यालये त्याला जोडली गेली. ज्या नावासाठी येथील लोकांनी सोळा वर्षे सोसले, ते नाव त्यांच्या मुलांच्या पदवीपत्रावर फारसे आलेच नाही.